महायुद्धाच्या उंबरठ्यावरील ओपन : १९१४ ची प्रेस्टविक स्पर्धा आणि व्यावसायिक गोल्फपटूचे सामाजिक स्थान

प्रस्तावना

क्रीडा हा सामाजिक इतिहासाच्या अभ्यासाचा एक महत्त्वाचा स्रोत आहे. एखाद्या खेळात कोणास प्रवेश आहे, कोण पैशासाठी खेळतो, कोण मानासाठी खेळतो आणि विजेत्यास समाज कोठे बसवतो, या प्रश्नांच्या उत्तरांतून त्या समाजाची रचना स्पष्ट होते. या दृष्टीने १८ व १९ जून १९१४ रोजी स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथे झालेली गोल्फची 'ओपन चॅम्पियनशिप' विशेष अभ्यसनीय ठरते. या स्पर्धेत हॅरी वॉर्डन यांनी सहाव्यांदा विजेतेपद मिळविले आणि तो विक्रम आजही अबाधित आहे. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, २८ जून रोजी, साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली. ४ ऑगस्ट रोजी ब्रिटन युद्धात उतरले. पुढील ओपन स्पर्धा भरण्यास १९२० साल उजाडावे लागले.

क्रीडेतिहासाच्या ग्रंथांत या स्पर्धेचा उल्लेख प्रामुख्याने विक्रमाच्या संदर्भात होतो. तथापि, ज्या वर्गातून वॉर्डन आले होते त्या वर्गाच्या इतिहासातही या स्पर्धेला वेगळे स्थान आहे. मैदानावर हजारोंच्या गर्दीला खेचणारा हा खेळाडू सामाजिक दर्जाने गोल्फ क्लबचा नोकरच होता. ही विसंगती १९१४ मध्ये अत्यंत ठळक झाली होती; युद्धाने ती सोडविली नाही, केवळ तिची सोडवणूक पुढे ढकलली. या विसंगतीचे स्वरूप व तिची पुढील वाटचाल स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उद्दिष्टे

१. ओपन स्पर्धेच्या उगमाचा व स्वरूपाचा थोडक्यात परिचय करून देणे.
२. महायुद्धपूर्व काळातील व्यावसायिक गोल्फपटूच्या सामाजिक व आर्थिक स्थितीचे विवेचन करणे.
३. १९१४ च्या प्रेस्टविक स्पर्धेचा वृत्तान्त व तिचे महत्त्व मांडणे.
४. युद्धामुळे व्यावसायिक गोल्फवर झालेल्या परिणामांचा परामर्श घेणे.

ओपन स्पर्धेचा उगम

प्रेस्टविक हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील एअरशायर परगण्यातील गाव होय. तेथील गोल्फ क्लबची स्थापना १८५१ मध्ये झाली. १७ ऑक्टोबर १८६० रोजी या मैदानावर आठ व्यावसायिक खेळाडूंमध्ये एक स्पर्धा घेण्यात आली. त्या वेळी मैदानास केवळ १२ होल होते व खेळाडूंनी एकाच दिवसात तीन फेऱ्या पूर्ण केल्या. ज्याचे एकूण फटके सर्वांत कमी तो विजेता, हा नियम तेव्हाही होता. विली पार्क यांनी १७४ फटक्यांत डाव संपवून टॉम मॉरिस यांच्यावर दोन फटक्यांनी मात केली. हीच पहिली ओपन. विजेत्यास रोख रक्कम न देता चामड्याचा एक सुशोभित पट्टा देण्यात आला. दुसऱ्या वर्षापासून हौशी खेळाडूंनाही प्रवेश खुला झाला आणि स्पर्धेचे 'ओपन' हे नाव सार्थ ठरले.

टॉम मॉरिस यांचे पुत्र धाकटे टॉम मॉरिस यांनी १८६८, १८६९ व १८७० अशी सलग तीन वर्षे स्पर्धा जिंकल्याने नियमानुसार तो पट्टा त्यांच्याच मालकीचा झाला. १८७१ मध्ये बक्षीसच उरले नसल्याने स्पर्धा झाली नाही. १८७२ पासून चांदीची सुरई देण्याचे ठरले व तीच 'क्लॅरेट जग' या नावाने पुढे प्रसिद्ध झाली. १८९२ पासून स्पर्धा ७२ होलची करण्यात आली. १९१४ मध्ये हे ७२ होल दोन दिवसांत खेळावे लागत, म्हणजे प्रत्येक दिवशी सकाळी १८ व दुपारी १८. चाळिशी ओलांडलेल्या खेळाडूच्या दृष्टीने ही शारीरिक क्षमतेचीही कसोटी होती.

प्रेस्टविकचे मैदान समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांमधून आखलेले आहे. तिसऱ्या होलवर लाकडी फळ्यांनी बांधून काढलेला 'कार्डिनल' हा विस्तीर्ण बंकर, चौथ्या होलच्या कडेने वाहणारा 'पाव बर्न' हा ओढा आणि सतराव्या होलवरील 'आल्प्स' ही टेकडी यांमुळे ते कठीण समजले जाते. पाचव्या होलचे नाव 'हिमालय' असे असून तेथे समोरच्या वाळूच्या उंचवट्यामुळे खेळाडूला लक्ष्य दिसतच नाही.

व्यावसायिक खेळाडू : कारागीर व सेवक

आज 'व्यावसायिक गोल्फपटू' म्हटले की स्पर्धांच्या बक्षिसांवर संपन्न जीवन जगणारा खेळाडू डोळ्यांसमोर येतो. १९१४ मध्ये या शब्दाचा अर्थ सर्वस्वी भिन्न होता. व्यावसायिक म्हणजे एखाद्या क्लबने नेमलेला माणूस. खेळाच्या काठ्या तयार करणे व दुरुस्त करणे, चेंडू विकणे, सभासदांना शिकविणे आणि प्रसंगी मैदानाची निगा राखणे ही त्याची कामे असत. त्याची जागा मैदानालगतच्या दुकानात होती. क्लबच्या मुख्य इमारतीत सभासदांबरोबर बसण्याचा अधिकार त्यास सर्वसाधारणपणे नव्हता. ज्या स्पर्धेत तो प्रथम येई, त्या स्पर्धेच्या यजमान क्लबचा दिवाणखानादेखील त्याला परकाच राही.

या स्थितीमागे तत्कालीन ब्रिटिश समाजातील हौशी व व्यावसायिक असा भेद होता. खेळावर उपजीविका न करणे हे सद्गृहस्थाचे लक्षण मानले जाई. त्यामुळे कौशल्याने श्रेष्ठ असलेला व्यावसायिक प्रतिष्ठेने मात्र सामान्य हौशी खेळाडूच्या खालीच राहत असे.

या काळातील तीन सर्वश्रेष्ठ खेळाडूंची पार्श्वभूमी या दृष्टीने बोलकी आहे. हॅरी वॉर्डन यांचा जन्म ९ मे १८७० रोजी जर्सी बेटावरील ग्रूव्हिल येथे झाला. गावात गोल्फचे मैदान तयार झाले तेव्हा तेथे कॅडी म्हणून, म्हणजे खेळाडूंच्या काठ्या वाहणारा मुलगा म्हणून, त्यांचा खेळाशी प्रथम संबंध आला. पुढे त्यांनी माळीकामही केले. जे. एच. टेलर (जन्म १८७१) हे डेव्हनमधील नॉर्दमचे. तेही बालपणी कॅडी होते व नंतर मैदानाच्या देखभालीच्या कामावर लागले. जेम्स ब्रेड (जन्म १८७०) हे स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातील असून त्यांनी सुतारकामाचे शिक्षण घेतले होते. तिघेही अत्यंत सामान्य परिस्थितीतून आले होते आणि तिघेही क्लबच्या नोकरीत राहिले. वॉर्डन साउथ हर्ट्स, टेलर रॉयल मिड-सरे व ब्रेड वॉल्टन हीथ या क्लबांमध्ये दीर्घकाळ सेवेत होते.

या वर्गाला स्वतःच्या संघटनेची गरज भासू लागली, याचे फलित म्हणजे १९०१ मध्ये स्थापन झालेली व्यावसायिक गोल्फपटूंची संघटना होय. तिच्या स्थापनेत टेलर अग्रभागी होते व तेच तिचे पहिले अध्यक्ष झाले. पूर्वी क्लबपुरता एकटा असलेला कारागीर आता आपल्या हितासाठी संघटित होऊ लागला होता.

थोर त्रिकूट

वॉर्डन, टेलर व ब्रेड यांना क्रीडेतिहासात 'ग्रेट ट्रायमव्हिरेट' म्हणजे थोर त्रिकूट असे संबोधले जाते. १८९४ ते १९१४ या कालावधीत ओपन स्पर्धा २१ वेळा झाली व त्यांपैकी १६ वेळा या तिघांपैकी कोणी ना कोणी विजयी झाला. टेलर यांनी १८९४, १८९५, १९००, १९०९ व १९१३ मध्ये, ब्रेड यांनी १९०१, १९०५, १९०६, १९०८ व १९१० मध्ये, तर वॉर्डन यांनी १८९६, १८९८, १८९९, १९०३ व १९११ मध्ये विजेतेपद मिळविले. म्हणजेच १९१४ च्या स्पर्धेपूर्वी तिघांच्याही नावावर नेमकी पाच विजेतीपदे होती. सहावे कोणाचे, हा प्रश्न त्या वर्षी गोल्फ जाणणाऱ्या प्रत्येकाच्या मनात होता.

यांपैकी वॉर्डन यांची कहाणी अधिक हृद्य आहे. १९०३ मध्ये याच प्रेस्टविकच्या मैदानावर त्यांनी ओपन जिंकली तेव्हा ते आजारी होते व अंतिम फेरी त्यांनी कशीबशी पूर्ण केली. लवकरच तो आजार क्षयरोग असल्याचे निष्पन्न झाले. प्रतिजैविके उपलब्ध नसलेल्या त्या काळात क्षयावर विश्रांती व मोकळी हवा हाच उपाय होता. नॉरफोकमधील मुंडस्ली येथील आरोग्यधामात त्यांना राहावे लागले. त्यानंतर पुढील विजेतेपदासाठी त्यांना आठ वर्षे वाट पाहावी लागली. १९१३ मध्ये अमेरिकेतील ब्रुकलाइन येथे फ्रान्सिस विमेट या वीस वर्षांच्या हौशी युवकाने वॉर्डन व टेड रे या दोघांचाही निर्णायक फेरीत पराभव केला होता. त्यामुळे १९१४ मध्ये प्रेस्टविकला आलेले ४४ वर्षांचे वॉर्डन उतरणीला लागले आहेत, असे वाटण्यास पुरेसे कारण होते.

१८ व १९ जून १९१४

पहिल्या दिवशी वॉर्डन यांनी ७३ व ७७ अशा फेऱ्या खेळून एकूण १५० फटके नोंदविले. गतविजेते टेलर ७४ व ७८ मिळून १५२ वर होते. ब्रेड पिछाडीवर पडले व सहाव्या विजेतेपदाची चुरस उरलेल्या दोघांमध्ये राहिली. योगायोगाने अंतिम दिवशी वॉर्डन व टेलर यांची जोडी एकत्र पडली. स्पर्धा फटक्यांच्या बेरजेवर ठरणारी असली तरी प्रत्यक्षात तिला समोरासमोरच्या द्वंद्वाचे रूप आले.

या द्वंद्वाने अलोट गर्दी लोटली. ग्लासगो व एअर यांना जोडणारा लोहमार्ग प्रेस्टविकच्या पहिल्या होलला अगदी खेटून जातो. औद्योगिक ग्लासगोतून रेल्वेने येणे सोपे होते. मैदानात प्रवेशासाठी शुल्क नव्हते. ओपनमध्ये प्रवेशशुल्क प्रथम आकारले गेले ते १९२६ मध्ये. परिणामी हजारो प्रेक्षक या एकाच जोडीमागे धावत होते. दोघा खेळाडूंना प्रत्येक फटका या लोंढ्यातून वाट काढत खेळावा लागत होता.

सकाळच्या फेरीत टेलर यांनी ७४ फटक्यांची सुरेख खेळी केली, तर वॉर्डन यांना ७८ फटके लागले. तीन फेऱ्यांअखेर टेलर २२६ व वॉर्डन २२८ अशी स्थिती झाली. दोन फटक्यांची आघाडी घेऊन टेलर दुपारच्या फेरीस उतरले, परंतु चौथ्या होलवर त्यांचा चेंडू पाव बर्न ओढ्यात गेला व तेथे त्यांना सात फटके मोजावे लागले. ती आघाडी गेली ती गेलीच. टेलर यांची फेरी ८३ वर संपली. वॉर्डन यांनीही काही अलौकिक खेळ केला असे नव्हे. त्यांची फेरी ७८ ची होती. मात्र वारा, गर्दी व थकवा यांच्या दडपणाखाली त्यांनी तोल ढळू दिला नाही. अंतिम गुणतक्त्यात वॉर्डन ३०६, टेलर ३०९ व तृतीय क्रमांकावरील एच. बी. सिम्पसन ३१० असे अंक नोंदले गेले.

विजेत्यास मिळालेली रक्कम ५० पौंड होती व एकूण बक्षिसे १२५ पौंडांची होती. दोन दिवस हजारोंनी ज्यांचा खेळ पाहिला, त्यांच्यापैकी प्रथम क्रमांकाच्या खेळाडूस मिळालेला हा मोबदला. वॉर्डन यांचे खरे उत्पन्न क्लबची नोकरी, प्रदर्शनीय सामने आणि क्रीडासाहित्याच्या उत्पादकांनी वापरलेले त्यांचे नाव यांतून येई. १९०० च्या त्यांच्या अमेरिकी दौऱ्यामागेही 'वॉर्डन फ्लायर' या चेंडूच्या जाहिरातीचा हेतू होता. त्यांच्या नावाला बाजारात किंमत आली होती. क्लबमधील त्यांचे स्थान मात्र बदललेले नव्हते. १९१४ ची स्पर्धा ही विसंगती जितकी स्पष्टपणे दाखवते तितकी अन्य कोणतीही दाखवत नाही.

युद्ध आणि रिकामी वर्षे

प्रेस्टविकच्या अखेरच्या फटक्यानंतर ४६ दिवसांनी ब्रिटनने युद्ध पुकारले. १९१५ ते १९१९ अशी सलग पाच वर्षे ओपन झाली नाही. वॉर्डन यांचे विजेतेपद कागदोपत्री सहा वर्षे टिकले, पण ते टिकविण्यासाठी त्यांना एकही सामना खेळावा लागला नाही, ही त्या विजयाची शोकात्मिका होय. त्रिकुटातील खेळाडू वयामुळे आघाडीवर गेले नाहीत. त्यांनी रेड क्रॉससाठी निधी उभारण्यास सामने खेळले. तरुणांची गोष्ट निराळी होती. काही व्यावसायिक गोल्फपटू रायफल ब्रिगेडमध्ये एकत्र भरती झाले. १९०७ मध्ये ओपन जिंकणारे पहिले परदेशी खेळाडू, फ्रान्सचे आर्नो मासी, व्हर्डन येथे जखमी झाले. होयलेकचे नामवंत हौशी खेळाडू जॉन ग्रॅहम धाकटे जून १९१५ मध्ये बेल्जियममधील हूग येथे धारातीर्थी पडले. त्या खाईत हौशी व व्यावसायिक हा भेद अर्थातच उरला नाही.

येथे एक पद्धतिशास्त्रीय मुद्दा लक्षात घ्यावा लागेल. 'युद्धपूर्व' हे विशेषण नंतरच्या काळाने दिलेले आहे. प्रेस्टविकच्या प्रेक्षकांना आपण कशाच्या 'पूर्वी' उभे आहोत याची कल्पना नव्हती. त्यांच्या दृष्टीने ते केवळ १९१४ सालचे ओपन होते व १९१५ चे ओपन येणारच होते. म्हणून या स्पर्धेकडे मावळत्या सुवर्णयुगाचे करुणरम्य चित्र म्हणून पाहणे हे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. त्या युगात टेलर यांच्या संघटनेसारख्या बदलाच्या प्रक्रिया सुरू होत्या, व त्या अर्ध्यावर थांबल्या, असे म्हणणे अधिक युक्त होय.

केंद्राचे स्थलांतर

ब्रिटनने युद्ध पुकारल्यानंतर सतरा दिवसांनी, २१ ऑगस्ट १९१४ रोजी, अमेरिकेतील शिकागोजवळच्या मिडलोथियन क्लबवर यू. एस. ओपनची सांगता झाली. एकवीस वर्षांचे वॉल्टर हेगन यांनी ती २९० फटक्यांत जिंकली. अमेरिका १९१७ पर्यंत युद्धापासून दूर राहिल्याने तेथील राष्ट्रीय ओपन केवळ १९१७ व १९१८ या दोनच वर्षी स्थगित झाले. १९१६ मध्ये तेथील व्यावसायिकांनी स्वतःची संघटना स्थापून त्याच वर्षी स्वतंत्र स्पर्धाही सुरू केली. ब्रिटनची पाच वर्षे निष्फळ गेली, त्या काळात अमेरिकी व्यावसायिक गोल्फची पायाभरणी होत होती.

अर्थात या स्थलांतराचे संपूर्ण श्रेय युद्धास देणे योग्य होणार नाही. असंख्य स्कॉटिश व इंग्लिश व्यावसायिक युद्धापूर्वीच अमेरिकेत स्थायिक झाले होते व विमेट यांचा विजयही १९१३ चा होता. युद्धाने प्रक्रियेस जन्म दिला नाही, परंतु तिला गती दिली. १९२१ मध्ये सेंट अँड्र्यूज येथे जन्मलेले पण अमेरिकी नागरिकत्व घेतलेले जॉक हचिसन ओपन जिंकले व १९२२ मध्ये हेगन हे अमेरिकेत जन्मलेले पहिले विजेते ठरले.

सामाजिक दर्जाच्या प्रश्नाची सोडवणूकही याच वर्षांत दृष्टिपथात आली. १९२० च्या डील येथील ओपनमध्ये व्यावसायिकांना क्लबच्या इमारतीत प्रवेश नव्हता. तेव्हा हेगन यांनी भाड्याची आलिशान मोटार दारासमोर उभी करून तीत कपडे बदलले. त्याच वर्षी अमेरिकेतील टोलेडो येथील इन्व्हरनेस क्लबने यू. एस. ओपनच्या वेळी आपली इमारत व्यावसायिकांना खुली केली आणि खेळाडूंनी कृतज्ञतेपोटी त्या क्लबला एक मोठे घड्याळ भेट दिले. त्या स्पर्धेत पन्नास वर्षांचे वॉर्डन विजेतेपदाच्या अगदी निकट पोहोचून एका फटक्याने मागे पडले. जे दार मायदेशात विक्रमी विजयानेही उघडले नाही, ते परदेशात उघडताना वॉर्डन यांनी स्वतः पाहिले, ही बाब उल्लेखनीय आहे.

प्रेस्टविकचे भवितव्यही १९१४ च्या गर्दीत सूचित झाले होते. १९२५ मध्ये तेथेच मॅकडोनल्ड स्मिथ अंतिम फेरीस पाच फटक्यांची आघाडी घेऊन उतरले, परंतु अनिर्बंध गर्दीच्या रेट्यात त्यांना ८२ फटके लागले व विजेतेपद जिम बार्न्स यांच्याकडे गेले. त्यानंतर प्रेस्टविक येथे ओपन पुन्हा कधीच झाले नाही. ज्या मैदानावर हा खेळ लोकांचा झाला, ते मैदान त्या लोकांना सामावण्यास अपुरे ठरले.

निष्कर्ष

१. १९१४ ची प्रेस्टविक स्पर्धा ही वॉर्डन यांच्या सहाव्या विजयामुळे विक्रमी ठरली असली, तरी तिचे अधिक मोठे महत्त्व सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने आहे.
२. या काळातील व्यावसायिक गोल्फपटू हा लोकप्रियतेने नायक, परंतु दर्जाने क्लबचा सेवक होता. ५० पौंडांचे बक्षीस व हजारोंची गर्दी यांतील अंतर या विसंगतीचे द्योतक आहे.
३. महायुद्धाने ही विसंगती दूर करण्याची ब्रिटनमधील प्रक्रिया खंडित केली व गोल्फच्या नेतृत्वाचे अमेरिकेकडे होणारे स्थलांतर वेगवान केले.
४. 'युद्धपूर्व सुवर्णयुग' ही संकल्पना वापरताना अभ्यासकाने सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. त्या काळातील माणसांना पुढचे ठाऊक नव्हते. त्यांच्या कृतीचे मूल्यमापन त्यांना दिसत असलेल्या भविष्याच्या संदर्भातच व्हावयास हवे.

वॉर्डन यांचे २० मार्च १९३७ रोजी निधन झाले. अखेरपर्यंत ते साउथ हर्ट्स क्लबच्या सेवेत होते. काठ्या वाहणारा मुलगा जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडू होऊ शकतो, हे त्यांच्या पिढीने सिद्ध केले. अशा खेळाडूला क्लबच्या दिवाणखान्यात बसण्यास खुर्ची द्यावी की नाही, हे ठरविण्यास मात्र त्याच्या समाजाला आणखी बराच काळ लागला.